कापलेला समास

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या काही गावांसाठी पाणलोटाचा आराखडा करायचा होता. बंधारे कुठे घालायचे हे ठरवायला ओढ्या-नाल्यांचा डिजिटल नकाशा लागणार होता, आणि तो करण्याचं काम माझ्याकडे आलं. हाताशी होतं ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या नकाशाचं स्कॅन. एकेक रेघ माउसने गिरवायची तर आठवडे जाणार. रेघा रंगीत आहेत, तर संगणकच त्या वेचून देईल, असं मी धरून चाललो.

स्कॅन जेपीईजीत होतं, इथूनच चुकायला सुरुवात झाली. डोळ्याला एकच तपकिरी दिसणारी, समान उंची दाखवणारी समोच्चरेषा पिक्सेलमध्ये असंख्य छटांची निघते. जंगलाच्या हिरव्यावरून जाताना तर तिचा रंगच फिरतो. रंगाची मर्यादा सैल केली की लाल रस्ते आत शिरत, आवळली की रेषेचे तुकडे पडत. पुन्हा टिफमध्ये स्कॅन करून घेतलं. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या रंगाचे थेट बहुभुज केले, तेव्हा रेघेऐवजी रेघेच्या दोन्ही कडा मिळाल्या, एका ओढ्याचे दोन ओढे. आधी रेघ एका पिक्सेलइतकी बारीक करायची आणि मगच तिचं व्हेक्टर करायचं, हे दोन रात्री घालवल्यावर कळलं.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. खरी चूक मात्र मला दिसलीच नव्हती. पाणी म्हणजे निळा रंग, म्हणून मी फक्त निळा उचलला. पैनगंगा आली, तलाव आले, दोन-चार मोठे प्रवाह आले. नकाशा इतका स्वच्छ दिसत होता की मी तो छापून गावात घेऊन गेलो. एका वयस्क शेतकऱ्याने स्वतःचं गाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आमचा नाला कुठं हाय, साहेब?"

नाला आमच्यापासून शंभर पावलांवर होता. वैशाखात कोरडा, पण पात्र चांगलं रुंद. माझ्या नकाशात तिथे कोरी जागा होती.

या नकाशांवर बारमाही पाणी निळं असतं आणि वर्षातला बराच काळ कोरडे राहणारे प्रवाह काळ्या रेघेने दाखवतात. इकडचे बहुतेक नाले पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात आटतात, म्हणजे ते काळेच. बंधारे घालायचे होते तेही त्यांच्यावरच. ज्यांच्यासाठी नकाशा हवा होता, नेमके तेच मी गाळले होते. हा खुलासा त्याच पत्रकाच्या समासातल्या खूणसूचीत छापलेला होता. स्कॅन सुटसुटीत व्हावं म्हणून तो समास पहिल्याच दिवशी मी कापून टाकला होता.

काळा रंग वेचायचं काम यंत्रावर सोपवता येईना. गावांची नावं, उंचीचे आकडे, रेल्वे, सगळंच काळं; निवडायला गेलं की रेघांत अक्षरं गुंतत. शेवटी हातानेच गिरवायला बसलो. समोच्चरेषा जिथे टोकदार वळून चढाकडे शिरते तिथे नाला असतो, या खुणेवर प्रत्येक रेघ ताडून पाहिली. पुन्हा गावात गेलो ते तो नकाशा घेऊन, आणि कोणतीही बंधाऱ्याची जागा ठरवण्याआधी त्याच शेतकऱ्याला तो दाखवला.

निळ्या रेघा काही मिनिटांत निघाल्या होत्या. काळ्या गिरवायला नऊ दिवस लागले.