गुरुवारचा तंबू

पुण्याचा रविवार दापोडीच्या हॅरिस पुलापाशी संपतो. मुळा ओलांडली की पलीकडे सुटीचा वारच वेगळा. भोसरी, पिंपरी, चिंचवड या भागांतल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुटी असते ती गुरुवारी. विजेचा सगळा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून सुट्या वाटून देण्याची चाल पडली आणि गुरुवार इथल्या अंगवळणी पडला. पण शाळा मात्र रविवारीच बंद! बाप घरी असतो तेव्हा मुले शाळेत आणि मुले घरी असतात तेव्हा बाप पाळीवर. वर्षातून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतच काय ते हे दोन वार एकमेकांना भेटतात.

अशा एखाद्या बुधवारी संध्याकाळी निघायचे, एक रात्र कुठेतरी मोकळ्यावर काढायची आणि गुरुवारी दिवेलागणीला घरी परतायचे, एवढीच ज्यांची सहल, त्यांच्या बिऱ्हाडात अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. परातीपेक्षा मोठी, चपटी, गोल पिशवी. दिवाणामागे उभी करून ठेवलेली. हा पॉप-अप तंबू. पिशवीतून काढून हवेत भिरकावला की जमिनीवर पडेपर्यंत आपण होऊन उभा राहणारा.

या मुलखाला तंबू नवा नाही. १६६०च्या जूनमध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि ऐन पावसाळ्यात त्याची फौज जवळजवळ दोन महिने या चिखलात तळ देऊन राहिली. आत फिरंगोजी नरसाळा मूठभर लोकांनिशी किल्ला लढवीत होता. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये किल्ला पडला. आता आषाढीच्या वारीकडे पाहा. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते, आणि पुढे वाटेवरच्या गावोगाव दिंड्यांच्या राहुट्या पडतात. दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या उभ्या करतो आणि थकलेला वारकरी पोचतो तो तयार छपराखाली. मोगल बादशहांचीही युक्ती हीच होती. त्यांच्याकडे डेऱ्यांचे दोन संच असत. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्याला पेशखाना म्हणत. पोचताच तयार घर मिळावे ही माणसाची इच्छा फार जुनी आहे. बादशहाने ती हत्ती-उंटांच्या बळावर पुरी केली, आपण ती एका लवचिक कड्याच्या बळावर करतो.

हे कडे कसे काम करते, ते या पट्ट्यातल्या कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही. कारखान्यात बँडसॉ असतो. त्याच्या करवतीचा बिनटोकाचा पट्टा जाणता कारागीर हातात धरतो, मनगटाला एक पीळ देतो आणि बघता बघता त्या मोठ्या वळ्याची तीन लहान वेटोळी होऊन एकावर एक बसतात. पॉप-अप तंबूत अशीच फायबरग्लासची किंवा पोलादाच्या पट्टीची कडी कापडात ओवलेली असतात. पीळ देऊन ती मिटली की तिप्पट लहान होतात. सोडली की कोंडलेला ताण त्यांना पुन्हा पूर्ववत करतो. मोटारीच्या काचेला लावायची उन्हाची जाळी मिटते ती याच न्यायाने. फ्रान्सच्या डेकॅथलॉन कंपनीने २००५ साली केशुआ या नावाने ‘टू सेकंड्स’ तंबू बाजारात आणला आणि हा प्रकार देशोदेशींच्या घरांत शिरला.

घेताना काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे जाणार कशाने. मिटलेला तंबूसुद्धा हातभर किंवा त्याहून रुंद चकती असते. मोटारीच्या डिकीत ती सहज मावते. मोटरसायकलवर तिचे शीड होते आणि लोणावळा लोकलच्या गर्दीत तर शेजाऱ्याशी भांडण. लोकलने कामशेतला उतरून पुढे पायी जाणाऱ्यांनी काड्या जोडून उभा करायचा साधा तंबू घ्यावा. तो उभा करायला दहा मिनिटे लागतात, पण मिटल्यावर वळकटीसारखा खांद्यावर बसतो.

दुसरी गोष्ट माणसांची. ‘तिघांचा तंबू’ याचा अर्थ काड्यापेटीतल्या काड्यांसारखी शेजारी शेजारी निजणारी तीन माणसे, सामान बाहेर! म्हणून जितकी माणसे त्याच्या एक आकडा पुढे जावे. तिसरी गोष्ट कापडाची. पाण्याचा किती उंच स्तंभ कापड तोलून धरते हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. वरच्या कापडाला १५०० ते २००० पुरे, खालच्याला अंगाचा दाब सोसायचा असल्याने ३०००च्या आसपास बरे. आणि एकेरी कापडाचा स्वस्त तंबू शक्यतो टाळावा. रात्रभरात माणसाच्या श्वासातून जवळजवळ पेलाभर पाणी वाफ होऊन जाते. मावळातल्या गार रात्री ती वाफ कापडाला लागून थिजते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. दुहेरी कापडात ती बाहेरच्या पदराला लागून खाली ओघळते. मालक मात्र समजतो, दव गळले.

जायचे कुठे? चिंचवडकरांना पवना धरणाचा काठ आणि चाकणकरांना भामा आसखेडचा जवळ. पवनेच्या पाण्याभोवती लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग असे किल्ले उभे आहेत. पैकी लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तंबू गडावर नेऊ नये, गड खालून पाहावा आणि सकाळी चढावा. इकडे भंडारा आणि भामचंद्र हे तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर. तिथे दर्शनाला जावे, मुक्कामाला नव्हे.

काठावर जागा निवडताना पाण्यापासून लांब, थोडी उंच आणि ओढ्याच्या वाटेबाहेरची पाहावी. दार वाऱ्याकडे पाठ करून असावे. तंबू दोन पळांत उभा राहतो म्हणून पुष्कळजण खुंट्या ठोकायचे विसरतात, आणि सुटलेला वारा त्यांचे घर पतंगासारखे उडवून नेतो. मुरमाड जमिनीत तंबूबरोबर मिळालेल्या बारीक खुंट्या वाकतात. चार जाड लोखंडी खिळे घरूनच न्यावेत, कारखान्यांच्या गावात त्यांना काय तोटा? तंबू मोकळा करताना मुलांना मागे उभे करावे. सुटलेले कडे तोंडावर बसते. शेगडी किंवा कोळसा आत मुळीच नेऊ नये. बंद कापडात साचणारा विषारी वायू झोपलेल्या माणसाला जागे करीत नाही. आणि पाण्यात उतरू नये. धरणाचा काठ वरून शांत दिसतो, पण खाली गाळ आणि एकाएकी आलेली खोली असते. पवनेत बुडाल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतोच.

तंबू ठोकण्याआधी जमिनीचा मालक शोधावा आणि त्याची परवानगी घ्यावी. तो मागेल ते भाडे द्यावे. हा केवळ शिष्टाचार नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पवना धरण झाले तेव्हा इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स १९५४ साली आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, शहर वाढले आणि त्याची तहान या धरणावर येऊन टेकली. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतला उचलून शहर पिते. ते बंद नळातून न्यायचे ठरले तेव्हा मावळातला शेतकरी रस्त्यावर आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. ज्या काठावर आपण हौसेने एक रात्र काढतो, त्याची किंमत कुणी आयुष्यभर मोजलेली असते. तेथे कर्णे लावून नाचणे, बाटल्या फोडणे, उष्टी पाने टाकून येणे हे पाहुण्याला शोभत नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर रात्री मिळते. या पट्ट्यात मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण आणि परप्रांतांतूनही माणसे पोटासाठी आली. त्यांच्यापैकी अनेकजण लहानपणी खळ्यावर, अंगणात, गच्चीवर आभाळ पांघरून झोपलेले. त्यांची मुले सातव्या मजल्यावर वाढतात. आकाशगंगा त्यांना पुस्तकातल्या चित्रात भेटलेली असते. पवनेच्या काठी अमावास्येच्या आसपास तंबूचे दार उघडे ठेवून पडावे. पूर्वेकडे शहराचा तांबूस उजेड दिसतो, पण पश्चिमेला डोंगरांवर तारे दाट असतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास गेलात तर मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतील. शिफ्ट, हप्ता, परीक्षा यांतले काही बोलायला नसले की बाप मुलांना आपल्या गावची गोष्ट सांगू लागतो. घरात ती निघत नाही, कारण घरात कोणीतरी नेहमी घाईत असते.

राहिले मिटणे. उघडणे हे तंबूचे काम, मिटणे मात्र आपले. ते आधी घरी, बैठकीच्या खोलीत, पाटामांड हलवून चार-पाच वेळा करून पाहावे. कडी एकत्र जुळवायची, आठाच्या आकड्यासारखा पीळ द्यायचा, आणि मग जोर न लावता वेटोळी एकमेकांवर बसू द्यायची. जोर लावला की काडी मोडते. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमते. घरी आल्यावर तंबू पुन्हा उघडून गॅलरीत वाळवावा. ओला ठेवला तर पुढच्या सुटीत त्यातून आधी बुरशीचा वास बाहेर येईल.

शुक्रवारी पहाटे पहिल्या पाळीचा डबा भरला जातो, गॅलरीत दवाने भिजलेले कापड वाळत असते आणि मोरीतल्या नळाला पाणी येते. ते कुठून येते हे आता घरातल्या धाकट्यालाही ठाऊक असते. त्याने ते रात्री चांदण्यांखाली पाहिलेले असते.