तीन वर्षांचे राज्य

संयुक्त सरकारांची गोष्ट निघाली म्हणजे आमची मित्रमंडळी १९७८ सालापासून आरंभ करतात. त्या जुलैत वसंतदादांचे मंत्रिमंडळ पडून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, आणि १९८० च्या फेब्रुवारीत दिल्लीने ते बरखास्त केले. आम्ही जुन्नरकर मात्र याहून बरेच मागे जाण्याचा हक्क सांगतो. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. इतिहासात माझी लुडबुड कोणास खपणार नाही, हे मी जाणून आहे. पण जीवधनावर उभे राहून नाणेघाटाकडे पाहिले, की ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

१६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि हुसेन निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. राज्य संपले, असे सर्वांनी धरले होते. शहाजीराजांनी ते धरले नाही. त्यांनी निजामशाही घराण्यातला मूर्तजा नावाचा एक अल्पवयीन मुलगा शोधून काढला, पेमगिरीवर त्याच्या नावाने तख्त मांडले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्या मुलाला मांडीवर घेऊन राजे तख्तावर बसले, असे लोक सांगतात. खरे असो वा नसो, त्या राज्याचे याहून नेमके चित्र मला तरी सुचत नाही!

आता या राज्याचे घटक पाहा. नाव निजामशहाचे, कर्तृत्व एका मराठा सरदाराचे, आणि पाठबळ विजापूरच्या आदिलशहाचे, म्हणजे ज्याच्याशी निजामशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली त्याचेच. मोगल दाराशी आला तर पुढची पाळी आपली, हे खवासखान आणि मुरार जगदेव या विजापूरच्या कारभाऱ्यांना कळत होते, म्हणून हा स्नेह. तो भीतीतून उपजला होता. पण भीतीनेही तीन वर्षे राज्य चालते, हे काही थोडे नव्हे.

मात्र त्याची दोरी विजापुरात होती. १६३५ साली तेथे दरबारी तंटा विकोपास जाऊन खवासखान व मुरार जगदेव दोघेही मारले गेले. पुढच्याच वर्षी शहाजहान जातीने दक्षिणेत उतरला, आणि मे महिन्यात आदिलशहाने त्याच्याशी तह करून निजामशाही मुलूख वाटून घेतला. काल मित्र असलेले विजापूरचे सैन्य आता मोगलांच्या जोडीने शहाजीराजांच्या पाठीस लागले. माहुलीच्या किल्ल्यात वेढा पडला. १६३६ च्या अखेरीस राजांना शरण जावे लागले. जुन्नर, जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले मोगलांना मिळाले. ज्या जुन्नरात मलिक अहमदाने १४९० साली स्वतंत्र राज्याचा पाया घातला, तेथेच त्याचे शेवटचे किल्ले गेले.

शहाजीराजांना आदिलशाहीत चाकरी मिळाली. पराभूत पण कर्त्या माणसाला कोणत्याही दरबारात जागा असते. मुलाला तशी कोठेच नव्हती. तो मोगलांच्या स्वाधीन करण्यात आला आणि ग्वाल्हेरास गेला, जेथे त्याच्याच घराण्यातले दोघे निजामशहा आधीच कैदेत पडले होते. तख्तावर बसायचे आहे का, असे त्याला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.