मुक्काम पोस्ट आकाश

कोर्टात मी बत्तीस वर्षे बेलिफ होतो. समन्स घेऊन चाळीचे चार-चार जिने चढायचे, माणूस सापडला नाही तर दारावर नोटीस डकवून पंचांच्या सह्या घ्यायच्या, हा माझा धंदा. त्या नोकरीने मला एवढेच शिकवले, की पत्ता बरोबर असेल तरच कायदा कामाचा! म्हणून वसुबारसेच्या संध्याकाळी आकाशकंदील टांगता टांगता नात म्हणाली, "आजोबा, आता डेटा सेंटरं आकाशात ठेवणार आहेत," तेव्हा मी चटकन विचारले, "मग नोटीस कुठे डकवायची गं?"

पोरगी हसली. ती ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये इंजिनियर आहे. मला मात्र हसू येईना. ही जाऊन तीन वर्षे झाली. मी बाजारात गेलो की ही फोनवर निरोप ठेवी. कोथिंबीर विसरू नका, जिना सावकाश चढा. असे एकोणीस निरोप कुठल्याशा कंपनीच्या यंत्रात पडून आहेत. माझी सारी इस्टेट तीच.

नातीने समजावले. जमिनीवर या यंत्रांना वीज अफाट लागते, थंड ठेवायला पुष्कळ ठिकाणी पाणीही. उलट दिवसरात्रीच्या सीमेवरून फिरणाऱ्या कक्षेत सूर्य जवळजवळ मावळतच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात स्टारक्लाउड या अमेरिकन कंपनीने एन्व्हिडियाची एक बलाढ्य चिप उपग्रहात बसवून वर धाडली. त्याच महिन्यात गूगलने २०२७ च्या आरंभापर्यंत दोन प्रायोगिक उपग्रह सोडण्याचा बेत जाहीर केला.

"शिवाय वर थंडीही फुकट!" मी शहाणपणा केला.

तिने टेबलावरच्या थर्मासकडे बोट दाखवले. "यातला चहा गरम का राहतो, आजोबा? दोन भिंतींमध्ये पोकळी असते म्हणून. वर सगळी पोकळीच! वारा नाही, पाणी नाही. उष्णता फक्त प्रारणाने बाहेर पडणार." मग तिने वहीवर हिशेब मांडला. २७ अंश तपमानाचा उत्तम काळा पत्रा दर चौरस मीटरला एका बाजूने फार तर ४६० वॉट उष्णता टाकतो. १ मेगावॉटच्या यंत्रांना, दोन्ही बाजू धरूनही, हजाराहून अधिक चौरस मीटर पत्रा हवा. म्हणजे टेनिसची चार कोर्टे झाली! त्यात किरणोत्साराने चिपमधले आकडे बिघडणार, आणि पाना घेऊन जायला तिथे मिस्त्री नाही.

त्या रात्री मी चष्मा लावून करार वाचले. १९६७ च्या करारान्वये अंतराळ कुठल्याच देशाच्या मालकीचे नाही. पण ज्या देशाच्या नोंदवहीत उपग्रह, त्याचाच त्याच्यावर अधिकार. थोडक्यात, जमिनीला सातबारा नाही, घराला मात्र आहे! १९७२ चा दुसरा करार नुकसानभरपाईचा. १९७८ साली सोव्हिएत रशियाचा अणुभट्टीवाला कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये रशियाने ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजले. परंतु तो दावा सरकारने सरकारवर करायचा. बायकोचा आवाज हरवलेल्या म्हाताऱ्यासाठी त्यात खिडकी नाही.

खिडकी आहे ती जमिनीवर. आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा भारतातल्या गिऱ्हाइकाला सेवा देणाऱ्यापर्यंत पोचतो, यंत्र भारताबाहेर असले तरीही. बेलिफाला हे पटण्यासारखे आहे. उपग्रह कितीही उंच जावो, त्याचा मालक जमिनीवरच जेवतो. त्याच्या कचेरीला दार असते, आणि दारावर नोटीस डकवता येते.

तरी माझे समाधान होईना. कोर्ट हुकूमनामा देईल. जप्तीचा माल कोण आणणार? वातावरणात जळून गेलेल्या यंत्रातून एकोणीस निरोप कुठला पंच काढून देईल? आणि खरे सांगायचे तर आजच्या यंत्राचा पत्ता तरी मी कधी विचारला होता?

सकाळी नातीला म्हटले, "बाळ, आजीचे निरोप मला उतरवून दे." तिने ते एका लहानशा डिस्कवर उतरवले, आणि नीट उतरले की नाही हे पाहायला पहिलाच लावला. "अहो, जिना सावकाश चढा." पोरीने मान फिरवली.

डिस्क मी हिच्या लुगड्यांच्या कपाटात ठेवली आहे. पत्ता मला पाठ आहे.