बीपीचं मशीन, लिलाव आणि ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे’

‘घरी बीपीचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. हल्ली त्याच्या मागोमाग दुसराही येतो: ‘डॉक्टर, ऑनलाइन लिलावात निम्म्या किमतीला मिळतंय, घेऊ का?’ मशीन चुकीचं आलं तर पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून आज हे लिहितोय. माझ्या आत्याच्या बाबतीत ते घडलं आणि तिच्या गोळीचा डोस दुप्पट होता होता राहिला.

आत्या बहात्तर वर्षांची, अंगाने भरलेली. तिच्या दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर. तेवढ्याचसाठी आत्येभावाने नीट बघून, बोली लावून, मोठा कफ असलेलं मशीन घेतलं. (कफ म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, खोकल्यातला नव्हे.) विक्रेत्याने लिहिलं होतं, कफ २२ ते ४२ सेंटिमीटर. खोक्यातून निघाला तो २२ ते ३२ चा. ओढूनताणून बसत होता, म्हणून आत्या वापरू लागली. वरचं बीपी रोज १६० च्या पुढे! तिच्या डॉक्टरांनी वहीतले आकडे पाहिले आणि अॅम्लोडिपिन ५ वरून १० मिलिग्रॅम करू या म्हणाले. त्यांचं चुकलं नाही, आकडे तेच सांगत होते. आत्याने मला फोन केला तेव्हा मी विचारलं, पट्ट्यावर काय छापलंय ते वाच. मग त्याच डॉक्टरांकडे योग्य मापाच्या कफने बीपी मोजलं, ते १४२ निघालं.

हे असं का होतं? कफमधली हवेची पिशवी दंडाभोवती साधारण ८० टक्के फिरायला हवी. ती लहान असेल तर आतली धमनी दाबायला मशीनला जास्त हवा भरावी लागते, आणि तो जास्तीचा दाब तुमचं बीपी म्हणून दाखवला जातो. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा कफ लावल्यावर वरचं बीपी सरासरी जवळजवळ २० ने जास्त आलं होतं. आता विचार करा, त्या खोट्या वीसवर गोळी वाढवली असती तर? पाय सुजले असते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली असती, आणि या वयात बाथरूममध्ये पडून खुबा मोडणं काय असतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको.

एवढं सगळं आत्येभावाने ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया सेल बदलून पाहा.’ पुन्हा लिहिलं. दुसऱ्याच नावाच्या माणसाने खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. (बीपीचं मशीन उघडताना कोणाची आत्या व्हिडिओ काढते?) तिसऱ्याचं म्हणणं, मशीन चालू होतंय म्हणजे दोष नाही, आणि लिलावातला माल परत घेतला जात नाही. चौथ्याने सुचवलं, मोठा कफ बाजारातून घ्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण अशी मशीन आपल्या ठरावीक कफसोबतच तपासलेली असतात. दुसऱ्या कंपनीचा कफ जोडला तर आकड्याची खात्री राहत नाही. शेवटी निरोप आला, ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ वर पाच तारे द्या अशी विनंती! यात तीन आठवडे गेले. त्या चौघांपैकी कोणी उद्धट नव्हतं, पण चौघांच्याही लेखी ही वस्तू मोबाइलच्या कव्हरसारखीच होती. राग मला त्याचा आला.

आता तुमच्या कामाचं. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. चॅटवर बोलणारा माणूस म्हणजे हा अधिकारी नव्हे. त्याचा पत्ता बहुधा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो. शिवाय वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर व्यावसायिक विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, मग ‘परत घेतलं जाणार नाही’ असं लिहिलेलं का असेना. लिलावाच्या ठिकाणी मात्र एक मेख आहे. घरातली जुनी वस्तू एखाददुसऱ्या वेळी विकणाऱ्या साध्या माणसाला हे नियम लागू होत नाहीत. म्हणून बोली लावण्याआधी विकणारा दुकानदार आहे की व्यक्ती, हे बघाच. व्यक्तीकडून वापरलेलं बीपी मशीन घ्यायला मी तरी सांगणार नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तर नाहीच नाही. त्या उन्हात, दमट हवेत कुठे पडून होत्या कोण जाणे.

आत्येभावाचा विक्रेता दुकानदार होता. त्याने निवारण अधिकाऱ्याला एकच मेल केली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पट्ट्यावर छापलेल्या मापाचा फोटो, दंडाला टेप लावलेला फोटो आणि चारही उत्तरं जोडली. पोच आली नाही तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर नवव्या दिवशी पैसे परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोग होता. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते.

तोवर तुमच्या घरात असलेल्या मशीनचं एक करा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा आणि कफवर छापलेल्या मापाशी ताडून बघा. पुढच्या भेटीला मशीन दवाखान्यात घेऊन या. पाच मिनिटं शांत बसून आधी तुमच्या मशीनवर आणि मग आमच्या, असं आलटून पालटून दोन-तीनदा बीपी घेऊ. फरक दर वेळी १० पेक्षा जास्त आला तर त्या मशीनवरच्या आकड्यांनी गोळी बदलायची नाही. आणि मी दंड मोजायला विसरलो तर मला आठवण करा, टेप टेबलाच्या खणातच असते.