तिसरा रकाना

डोळे अंधाराला सरावतात, असे मराठी माणूस सहज बोलून जातो. सराव हा शब्द तालमीतला, गायकाच्या बैठकीतला, पाढे घोकणाऱ्या पोराचा. सरावाला वेळ द्यावा लागतो आणि मध्ये खंड पडला की तो बराचसा वाया जातो. शरीरशास्त्राने पुढे जे सांगितले ते याहून फारसे निराळे नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि साठ लाख शंकुपेशी असतात. दिवसाचे पाहणे शंकुपेशींचे, रात्रीचे दंडपेशींचे. उजेडात दंडपेशींतले रंगद्रव्य विरून जाते. ते पुन्हा साठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, पुरते साठायला त्याहून अधिक. तेवढ्यात कुणी शेजारी काडी ओढली, की साठवलेले बरेचसे उधळले जाते.

अमरावतीचे एक निवृत्त विज्ञानशिक्षक हा धडा तीस वर्षे वर्गात शिकवीत आले, परंतु स्वतः तो शिकले मचाणावर. १९८६ पासून बुद्ध पौर्णिमेची रात्र त्यांनी सहसा घरी काढली नाही. त्या रात्री विदर्भातल्या जंगलांत पाणवठ्यांवर बसून वन्य प्राण्यांची नोंद करण्याचा प्रघात आहे. त्यांचा पाणवठा मेळघाटातला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट हे एक. वैशाखात तिथला साग निष्पर्ण होतो, ओढे आटतात, आणि जिथे थोडे पाणी उरले असेल तिथे सर्वांना यावेच लागते. त्यात पौर्णिमा. सूर्यप्रकाशाच्या मानाने पौर्णिमेचे चांदणे सुमारे चार लाख पटींनी मंद असते, तरीही पाणी आणि त्याच्या कडेची वाळू यांवरून चालणारी काळी आकृती ओळखता येते.

गणनेची पद्धत म्हणून यात उणिवा होत्याच. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊन दोनदा मोजले जाई, आणि जे पाण्यावर आलेच नाही त्याचा हिशेब कुणी ठेवायचा, हा प्रश्न राहीच. २००५ साली सरिस्कातले वाघ संपल्याचे उघड झाले. त्यानंतर वाघांची मोजदाद स्वयंचलित कॅमेऱ्यांकडे गेली, आणि पौर्णिमेच्या जागरणाला गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणू लागले. गुरुजींच्या वहीला या नामांतराचा स्पर्श झाला नाही. तिचे दोन रकाने तसेच राहिले: ‘दिसले’ आणि ‘ऐकले’. भेकर भुंकले पण नजरेस पडले नाही, तर ते दुसऱ्या रकान्यात. सोबतच्या वनमजुराने पाहिले आणि आपल्याला दिसले नाही, तर ते कुठेच नाही. हा कोरकू वनमजूर गेली अनेक वर्षे त्यांच्याबरोबर बसत आला आहे. त्याची नजर तीक्ष्ण आहे हे गुरुजी जाणून होते, पण दुसऱ्याच्या डोळ्यांची नोंद आपल्या अक्षरात करू नये, असा त्यांचा दंडक होता. आपल्याकडे आत्मचरित्रे लिहिणाऱ्यांनीसुद्धा हा दंडक इतक्या कसोशीने पाळलेला आढळत नाही.

५ मे २०२३ ची बुद्ध पौर्णिमा होती. रात्री दहाच्या पुढे पाण्याच्या पलीकडच्या काठावर काहीतरी काळे आले, वाकले, थांबले. गुरुजींनी दुर्बीण लावली, आणि लाल कागद गुंडाळलेल्या विजेरीच्या उजेडात पहिल्या रकान्यात लिहिले: अस्वल, एक. वनमजूर काही वेळ गप्प राहिला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “गुरुजी, डुकरीन आहे जी. मांगं पिल्लं आहेत तीन.”

गुरुजींना पिल्ले दिसलीच नव्हती. त्यांनी नोंदीवर रेघ मारली. वहीतली ती पहिली खोडलेली नोंद.

त्या रात्री छायाकल्प चंद्रग्रहण होते. पावणेनऊपासून एकपर्यंत चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेतून जात होता. गुरुजींनी काही दिवस दोष ग्रहणावर ठेवला. परंतु छायाकल्प ग्रहणात चंद्र इतका थोडा मंदावतो की पुष्कळांना ते ग्रहण आहे हेही कळत नाही, ही गोष्ट विज्ञानशिक्षकाला कोण सांगणार? जूनमध्ये ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू नुकता धरू लागला होता. भिंग पिवळसर झाले होते आणि निळ्या बाजूचा उजेड अडवीत होते. रात्रीच्या डोळ्याची भिस्त नेमकी त्या बाजूच्या उजेडावर अधिक असते. शिवाय वय सदुसष्ट. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या पुढे बहुतेकांची पाचाच्या आसपास थांबते.

पाच हा आकडा ऐकला आणि गुरुजींना आपल्या दुर्बिणीची आठवण झाली. दुर्बीण हा शब्द फारसीतून आला. दूरचे पाहणारी, एवढाच त्याचा अर्थ, आणि घेणारा बहुधा तेवढेच विचारतो: किती पट दाखवते? रात्रीसाठी दुर्बीण निवडताना प्रश्न निराळा असतो. तिच्या अंगावर दोन आकडे कोरलेले असतात. गुरुजींच्या दुर्बिणीवर ७×५० असे होते; सात पट मोठे दाखविणारी, पुढच्या भिंगाचा व्यास पन्नास मिलिमीटर. पन्नासाला सातने भागले की सातांहून किंचित अधिक येते, आणि तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यापाशी बाहेर पडतो. म्हणूनच रात्री पहारा करणारे नाविक ही जात पसंत करीत आले. परंतु सात मिलिमीटरचा झोत पाच मिलिमीटरच्या बाहुलीत मावत नाही. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जवळजवळ निम्मा उजेड बुबुळावर सांडतो. गुरुजी कित्येक वर्षे एक किलोच्या आसपासचे ओझे गळ्यात बांधून अर्धा उजेड वाया घालवीत होते. त्यांच्या डोळ्याला ८×४२ ची हलकी दुर्बीण पुरली असती, कारण तिचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा. हे गणित त्यांनी मुलांकडून फळ्यावर कितीदा सोडवून घेतले होते. त्यात स्वतःचे वय घालून पाहायचे मात्र राहून गेले.

पुण्याचा अभियंता भाचा म्हणाला, “मामा, आता साधी दुर्बीण सोडा. रात्रीची घ्या.”

रात्रीची दुर्बीण म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे कळायला गुरुजींचा पावसाळा गेला. साध्या दुर्बिणीत डोळ्यापर्यंत येतो तो त्या वस्तूवरून निघालेला उजेडच. भिंगे त्याला वळवितात, गोळा करतात, पण तो तोच असतो. रात्रदर्शी नळीत मात्र तो उजेड दारातच संपतो. पुढच्या पडद्यावर प्रकाशकण आदळले की त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात. केसाहूनही बारीक अशा लक्षावधी छिद्रांच्या काचचकतीतून जाताना एकाचे हजारो होतात, आणि मागच्या पडद्यावर आदळून ते नवा, हिरवा उजेड निर्माण करतात. हिरवा अशासाठी, की मानवी डोळा त्या रंगात सर्वाधिक संवेदनशील असतो. अलीकडच्या काही नळ्यांत चित्र पांढरे दिसते. पहिल्या पिढीच्या नळ्यांत ही छिद्रांची चकती नव्हती. व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांनी बंदुकीवर बांधल्या त्या दुर्बिणी त्या पिढीच्या. तिसऱ्या पिढीच्या नळ्या उजेड हजारो पटींनी वाढवितात, पण त्या मुख्यतः सैन्यासाठी असतात आणि त्यांची किंमत शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाला पेलणारी नसते. उष्णता पाहणारी यंत्रे याहून निराळी. त्यांना उजेड लागतच नाही, पण त्यांत सांबर हा उबेचा एक ठिपका होतो. गुरुजींनी त्यांचा विचार लगेच सोडला.

राहिली ती अंकीय यंत्रे: कॅमेऱ्यासारखी चकती, छोटा पडदा, आणि अंधार फार झाला तर अवरक्त दिवा. या दिव्यांतही दोन प्रकार. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूर पोचतो, पण समोरून पाहिल्यास लालसर ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण तितका दूर जात नाही. धुक्यात आणि गवतात दोन्ही दिव्यांचा उजेड उलटून पाहणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. दुकानात दुर्बीण म्हणून ठेवलेली पुष्कळशी यंत्रे तर नावापुरतीच दुर्बिणी होत्या. डोळ्यांसाठी खिडक्या दोन, पण आत चकती एकच. दोन्ही डोळ्यांना एकच सपाट चित्र. त्यात झाड पुढे की जनावर पुढे, हे उमगत नाही. खरोखरीची दुनेत्री हवी तर यंत्रे दोन, आणि किंमतही त्या हिशेबाने.

भाचा दोन खिडक्यांचे यंत्र आणणार होता. डोळा मिटून पाहण्याचे कष्ट नकोत, हा त्याचा युक्तिवाद. गुरुजींनी एका डोळ्याचे मागविले. कारण त्यांनी पत्रात कळविले नाही, पण ते त्यांच्या मूळच्या धड्यातच आहे. उजळ पडद्यावर टेकलेला डोळा अंधाराचा सराव गमावतो. यंत्र खाली ठेवले की त्या डोळ्यापुढे काही काळ काळाकुट्ट पडदा असतो. एकच डोळा यंत्राला दिला, तर दुसरा जंगलात राहतो.

२३ मे २०२४ ला पुन्हा पौर्णिमा आली. वनखात्याने यंत्र आणू दिले, पण दिवा न लावण्याच्या अटीवर. ती अट गुरुजींना रुचली. चांदण्यात त्याची गरजही नव्हती. नऊच्या सुमारास रानडुकरे आली, आणि या वेळी पिल्ले मोजता आली: पाच. मग सांबराची मादी. तिचे कान वळताना दिसले, पाण्यात बुडालेले तोंड दिसले, आणि ते वर उचलताना गळणारे थेंबही. गुरुजींना अशा गोष्टी दिसून बरीच वर्षे झाली होती. ते यंत्र डोळ्यावरून काढीनात. वनमजुराला एकदा देऊ केले. त्याने दोन क्षण लावले, हसला आणि परत केले.

साडेअकराला मागच्या नाल्यात भेकर भुंकले. पुन्हा भुंकले. वनमजुराने गुरुजींच्या मनगटाला हात लावला. “बिबट हाय जी,” तो पुटपुटला, आणि हनुवटीने उजवीकडची कडा दाखविली. गुरुजींनी यंत्र तिकडे फिरविले. गवत दिसले, दगड दिसला, पुन्हा गवत दिसले. चित्र एवढेसे आणि दाणेदार, मोहरी उधळल्यासारखे. यंत्र किल्लीच्या भोकातून पाहावे तसे एका ठिकाणचे पुष्कळ दाखवीत होते. त्याच्या बाहेरचे सारे रान बाजूला बसलेल्या माणसाच्या कानांत होते. बिबट्या कुणालाच दिसला नाही. पहाटे नाल्याच्या वाळूत त्याचे ताजे पंजे मिळाले.

अडीचला विजेऱ्या संपल्या. दुसरा जोड झोळीत होता. गुरुजींनी तो काढला नाही. पाठ टेकून ते नुसते बसून राहिले. उजव्या डोळ्यापुढचा पडदा विरायला पंचवीस मिनिटे लागली. नजर पाण्यावर सरळ न रोखता ती थोडी बाजूला ठेवावी, कारण डोळ्याच्या ऐन मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, हे ते मुलांना सांगत असत. तशी त्यांनी ठेवली. रातवा ठोकत होता. हा पक्षी बहुतेकांना आवाजानेच माहीत असतो.

सकाळी तळावर येऊन त्यांनी वही उघडली, पट्टी घेतली आणि नवी रेघ आखली. तिसऱ्या रकान्याला काय म्हणावे यावर थोडा वेळ गेला असावा, कारण तिथे आधी ‘यंत्रात दिसले’ असे लिहून खोडलेले आहे. मराठीत ‘मला दिसले’ म्हणताना पाहणाऱ्याकडे कर्तेपण येत नाही. वस्तू आपण होऊन येते, माणूस तिचा स्वीकार करतो. ‘मी पाहिले’ मध्ये ते येते, आणि जबाबदारीही. खोडलेल्या शब्दांखाली त्यांनी लिहिले आहे: ‘यंत्रातून पाहिले’. त्या रकान्यात त्या रात्रीच्या अकरा नोंदी आहेत: डुकरे, पिल्लांसह; सांबरे; दोन साळिंदरे; ससा. ‘ऐकले’ मध्ये भेकर, घुबड, रातवा. ‘दिसले’ च्या रकान्यात एकच ओळ आहे, रात्रीचे ३ वाजून २० मिनिटे अशी वेळ घालून: ‘पाणी हलले.’