मी पुन्हा पहिलीत बसते

(बहिःस्थ विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला)

आपण वाचायला केव्हा शिकलो, हे बहुतेकांना आठवत नाही. विहिरीत पहिल्यांदा पोहलो तो दिवस आठवतो, सायकलवरून पडल्याची खूण गुडघ्यावर असते. पण कागदावरच्या काळ्या रेघा एके दिवशी एकदम बोलू लागल्या, तो दिवस मात्र कुठेतरी हरवून गेलेला असतो. मलाही तो आठवत नाही. आणि मी तर मुलांना वाचायला शिकवण्याचाच पगार घेते!

आमच्या कॉलेजात मी तशी विजोडच विद्यार्थिनी. चाळिशी जवळ आलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी आणि घर सांभाळून बी.ए.ला बसलेली. मुली मला 'ताई' म्हणतात. मागच्या परीक्षेच्या वेळी व्हरांड्यात एकीने विचारले, "ताई, मी शिक्षिका व्हायचं म्हणतेय. पहिली-दुसरीला शिकवणं सोपंच असतं ना? अ-आ-इ-ई तर असतं!" तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आता इथे देते आहे.

मी डी.एड. झाले ती २०१० साली. आता त्या पदविकेचे नाव बदलून डी.एल.एड. झाले आहे. दोन वर्षांत आम्ही पुष्कळ काही केले. पाठाची टाचणे काढली, हर्बार्टच्या पायऱ्या घोकल्या, बालमानसशास्त्राच्या वह्या भरल्या, कार्डशीटवर रंगीत तक्ते काढता काढता रात्री जागवल्या. सरावपाठाला मात्र सगळ्यांना पाचवी नाहीतर सहावी हवी असे. पहिलीची मुले जागेवर बसत नाहीत, मध्येच पाणी प्यायला जातात, रडतात. पाठ बिघडतो आणि गुण जातात. म्हणून पहिलीचा वर्ग कुणी मागून घेत नसे. मीही घेतला नाही. ज्या मुलाला एकही अक्षर येत नाही त्याच्यापुढे पहिल्या दिवशी काय ठेवायचे, हा प्रश्न त्या दोन वर्षांत मला कुणी विचारला नाही आणि मलाही तो पडला नाही.

त्याच वर्षी शिक्षणसेविका म्हणून नेमणूक झाली. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, एका वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. दसरा-दिवाळी झाली की वस्ती अर्धी रिकामी होई. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा असत ती मागे राहत.

माझ्या दुसरीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही. आता तो मोठा झाला आहे. कधीकाळी हा अंक त्याच्या हाती पडला तर ओळख पटायला त्याला नावाची गरज भासणार नाही.

पहिल्या आठवड्यात मी त्याला वाचायला उभे केले, तेव्हा त्याने पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी खूष झाले. मग जवळ जाऊन पाहिले, तर त्याचे बोट भलत्याच पानावर फिरत होते. धडा पाठ होता; अक्षर एकही ओळखीचे नव्हते.

मी कामाला लागले. मला जसे शिकवले होते तसेच शिकवू लागले. फळ्यावर अ ते ज्ञ. 'अ' अननसाचा. अननस त्या वस्तीवर कुणी पाहिलेला नव्हता. 'ण' बाणाचा, 'ठ' ठशाचा. मग बाराखडी. मुले सुरात ओरडत, ऐकायला बरे वाटे. हा मुलगाही सर्वांत मोठ्याने ओरडे. पण फळ्यावरच्या एखाद्या अक्षरावर छडी ठेवून विचारले की गप्प. "अरे, कालच तर शिकवलं होतं!" हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवले असेल, त्याचा हिशेब नाही.

आणि तो वात्रटही होता. मुलांची एक 'च'ची भाषा असते, आपण सगळ्यांनी ती लहानपणी बोललेली आहे. शब्दाच्या आरंभीचे व्यंजन काढायचे, तिथे 'च' बसवायचा आणि काढलेले व्यंजन शेवटी जोडायचे. 'मला'चे 'चलाम'. या भाषेत तो पोर पटाईत. मी फळ्याकडे वळले की मागून "चाईब, चाणीप!" असा आवाज येई आणि वर्ग हसे. म्हणजे 'बाई, पाणी!' एकदा माझा संयम सुटला. त्याला मी दुपारच्या सुटीपर्यंत वर्गाबाहेर उभे केले. वर्षाच्या शेवटी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. त्याच्या नावापुढे मी लिहिले, 'वाचनात लक्ष देत नाही.' नापास करण्याचा प्रश्न नव्हता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. तो तिसरीत गेला, मग चौथीत गेला. वाचन जिथे होते तिथेच राहिले.

त्यानंतरची गोष्ट जानेवारी २०१३ मधली. दुष्काळाचे वर्ष. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी पाच दिवसांचे वाचनाचे प्रशिक्षण लागले. प्रशिक्षण म्हटले की आम्ही काय समजत असू ते सांगायला नको: हजेरीची सही, चहा, दुपारचे जेवण आणि भाषणात डुलक्या. त्याच तयारीने मी गेले.

आलेल्या ताईंनी भाषण केलेच नाही. त्यांनी फळ्यावर बारा खुणा काढल्या. एक शेपटीचे वर्तुळ, एक उलटा त्रिकोण, एक पाय मोडलेला चौकोन. प्रत्येक खुणेला एक आवाज. दहा मिनिटे आमच्याकडून ते म्हणवून घेतले, मग त्याच खुणांची एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "वाचा." निवृत्तीला आलेले एक गुरुजी हळूच शेजाऱ्याच्या वहीत डोकावले. एका बाईंनी ओळ पाठच करून टाकली होती. माझी पाळी आली तेव्हा दोन खुणा ओळखल्या, तिसरीपाशी अडले, तोवर पहिली विसरले. तोंड कोरडे पडले. ताई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर शिकवलं होतं!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. माझ्या डोळ्यांपुढे मागच्या भिंतीला टेकलेला तो मुलगा उभा राहिला.

पुढचे चार दिवस मी खरोखर पहिलीत बसले. माझीच भाषा, माझीच लिपी. पण ती मी प्रथमच पाहत होते. चौतीस व्यंजने आणि त्यांची बाराखडी म्हणजे चारशेवर आकार. त्यात घ-ध, भ-म, प-ष, य-थ अशी जुळी भावंडे. 'कि'मधली वेलांटी लिहायची क च्या आधी, बोलायची नंतर. 'सूर्य'मधला रफार बसतो य च्या डोक्यावर आणि बोलताना येतो य च्या आधी. लिहितो 'घर', म्हणतो 'घर्'. 'चमचा'तला च वेगळा, 'चहा'तला वेगळा. हे सारे आपण इतक्या सहज गिळलेले असते, की ते कुणाच्या घशात अडकत असेल हे मनातही येत नाही.

ताई म्हणाल्या, सगळी वर्णमाला संपेपर्यंत मुलाला वाचनासाठी ताटकळत ठेवू नका. क, म, ल, न, ब, र ही सहा अक्षरे आणि एक काना घ्या. काका, मामा, बाबा, नाक, कान, रान, लाल, काम, बकरा, असे पंचवीस-तीस शब्द त्यातून निघतात. पहिल्या पंधरवड्यातच मुलाला 'काका काम करा' असे वाक्य वाचता येते. वाचले की काहीतरी कळते, एवढे त्याला एकदा उमजले की पुढची अक्षरे तो स्वतःच मागतो. मूल 'होतं'ला 'व्हतं' म्हणाले तर लगेच अडवू नका. त्याने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या बोलीत सांगितला, म्हणजे त्याने वाचलेच आहे. रोज एखादी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा, आणि तिच्यावर मुलांशी बोला.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अक्षराच्या आधी आवाज. 'पा' या अक्षरात प आणि आ असे दोन आवाज आहेत, ते सुटे करता येतात, हे मुलाच्या कानाला कळलं की बाराखडी पाठ करावी लागत नाही, ती समजते. त्यासाठी नवं काही शोधू नका, मुलांचे खेळ पाहा. भेंड्या पाहा. 'च'ची भाषा पाहा. 'पाणी'चं 'चाणीप' करणारं मूल काय करतं? 'पा'मधला प काढतं, काना तसाच ठेवतं, तिथे च बसवतं. वाचनाला जे लागतं, त्यातलं निम्मं काम त्याच्या कानानं आधीच केलेलं असतं."

मी लिहिता लिहिता थांबले. ज्या गोष्टीसाठी मी त्याला वर्गाबाहेर उभे केले होते, तीच त्याच्या हातातली किल्ली होती! कुलूप माझ्यापुढे होते, किल्ली त्याच्याजवळ होती, आणि मी ती वाजते म्हणून त्याला शिक्षा केली होती. त्या क्षणी तो कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, कोपीपाशी धाकट्या बहिणीला सांभाळत बसला असेल, एवढेच मला ठाऊक होते.

पुढे मी या विषयावर जमेल तसे वाचले. तेव्हा लक्षात आले, की माझे अज्ञान नवे असले तरी प्रश्न जुना आहे. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. नूतन बाल शिक्षण संघाने बालशाळांबरोबरच त्या चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचेही काम केले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी लिपीची घडण ध्यानात घेऊन वाचन शिकवण्याची पद्धत बसवली. फार काय, सावित्रीबाईंनी फळ्यापुढे उभे राहण्याआधी अहमदनगरला सिंथिया फरार यांच्याकडे शिकवण्याचे शिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. सावित्रीबाईंना जे शिकावेसे वाटले, ते आपल्याला उपजतच येते असे मी धरून चालले होते.

'असर'च्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत, की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' सुरू केले, ते तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे म्हणून. असे आकडे आले की आपण पालकांना, गरिबीला, मोबाइलला बोल लावतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण आधी मी माझ्या त्या नोंदीकडे पाहते.

आणखी एक सांगायला हवे. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाने मी बदलले नाही. मी बदलले ते नंतर. ताई महिन्यातून एकदा शाळेत येत आणि मागे मुलांत बसून राहत. सुटीत विचारत, "त्या खिडकीजवळच्या मुलीनं आज एकही शब्द वाचला नाही, पाहिलंत?" मला राग येई. घरी गेल्यावर पटे. डॉक्टर होणाऱ्याच्या शेजारी थोरला डॉक्टर उभा असतो, गवंड्याच्या पोराशेजारी गवंडी असतो. आमच्या वर्गाचे दार तेवढे सही करून घेण्यापुरते उघडते.

तो मुलगा त्या वर्षी चैत्रात परत आला. शाळा सकाळची झाली होती, सुटीला जेमतेम महिना उरला होता. पत्त्यांएवढी अक्षरांची कार्डे घेऊन मी त्याच्या घरी गेले. तो दाराआड उभा राहिला. "बाई, मला न्हाई येत वाचाया," म्हणाला. मी म्हटले, "चाईब चणाम्हत, चू..." आणि तिथेच अडखळले. तो खदखदून हसला. "तसं नसतं बाई!" म्हणाला आणि त्याने मला त्याची भाषा शिकवायला सुरुवात केली. त्या भाषेच्या आधाराने आम्ही कार्डांवर आलो. रोज शाळा सुटल्यावर तासभर, आणि पुढे उन्हाळ्याच्या सुटीतही काही दिवस. जूनपर्यंत तो काना, वेलांट्या, मात्रा लावून छोटे धडे वाचू लागला. जोडाक्षरांपाशी अडखळे. त्याला वाचता आले, असे मी म्हणणार नाही. त्याला वाट सापडली होती, इतकेच. पाचवीला तो दुसऱ्या गावच्या शाळेत गेला, आणि दिवाळीनंतर पुन्हा उसाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. हातात ती कार्डे, सुतळीने बांधलेली.

"बाई, ह्ये नेऊ का? बारकीला शिकवतो तिकडं."

"ने की."

तो वळला, दोन पावले गेला आणि परत आला. गठ्ठा सोडून कार्डे माझ्यापुढे पसरली आणि म्हणाला, "पर आधी कोन्ती दावायची?"

दोन वर्षांच्या डी.एड.मध्ये मला जो प्रश्न पडला नव्हता, तो त्याला पडला होता. आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि अंधार पडेपर्यंत कार्डे लावत राहिलो.