गुरुवारचा एक तास आणि माझं आडनाव

कॅम्पस रेडिओच्या फॉर्मवर 'कार्यक्रमाचा विषय' असा रकाना होता. मी लिहिलं, प्रोग्रेसिव्ह रॉक. समन्वयक सरांनी फॉर्म वाचला, वर जाऊन आडनाव वाचलं, पुन्हा खाली येऊन विषय वाचला. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "अरे, तू सामाजिक विषय घे ना. त्यात तुझा अनुभव बोलेल."

2010 साल. मी समाजशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. सर वाईट माणूस नव्हते, आजही मी तसं म्हणणार नाही. पण आपल्या पोरांकडे 'अनुभव' मागितला जातो, आवड कधीच विचारली जात नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. वस्ती, पाणी, शिष्यवृत्ती, अत्याचार यांवर आपण बोलायचं. कुठला गिटारवादक कशामुळे मोठा, हे बोलायचं काम दुसऱ्यांचं.

हे संगीत मला मिळालं हॉस्टेलच्या खोलीत. माझा रूममेट नागालँडचा. त्याच्या घरी, चर्चमध्ये, गल्लीत सगळीकडे गिटार. त्याने आणलेल्या हार्ड डिस्कवर किंग क्रिमसन, येस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, रश असं सगळं भरलेलं. मला आधी काही कळलं नाही. गाणं सुरू होतं आणि संपतच नाही! पण महिनाभरात सवय लागली. येसचं 'क्लोज टू द एज' (1972) सुमारे 18 मिनिटांचं आहे, तबकडीची एक पूर्ण बाजू. त्याच वर्षीचं जेथ्रो टलचं 'थिक अॅज अ ब्रिक' म्हणजे अख्खा अल्बम एकच गाणं, 40 मिनिटांच्या वर. तबकडी उलटावी लागते म्हणून तेवढं मधे थांबतं.

व्यावसायिक एफएमवर हे कुणी वाजवणार नाही, कारण तिथे दर काही मिनिटांनी जाहिरात यावी लागते. कॅम्पस रेडिओला ती घाई नसते. बातम्या द्यायला बंदी, ट्रान्समीटर लहान, आवाज फार तर दहा-बारा किलोमीटर जाणार. पण वेळ भरपूर. रॉकचा तास आधी चालवणारा मुलगा परदेशी गेला आणि गुरुवारी रात्री नऊची वेळ दुसऱ्या कुणाला नको होती, म्हणून ती मला मिळाली. गुणवत्तेवर मिळाली असं म्हणायला आवडलं असतं.

असा कार्यक्रम चालवणं म्हणजे निम्मं काम हिशेबाचं. पन्नास मिनिटं हातात. 'थिक अॅज अ ब्रिक' लावलं की बोलायला सहा-सात मिनिटं उरतात. त्यात गाणं कुणाचं, कोणत्या सालचं, कुठे लक्ष द्यायचं, सगळं बसवायचं आणि लॉगबुकात मिनिट-सेकंद लिहायचे. आवाजाची पातळी ही वेगळी डोकेदुखी. या गाण्यांत कुजबुज आणि गडगडाट शेजारी शेजारी असतात. किंग क्रिमसनच्या 1969च्या पहिल्या अल्बममधलं 'मूनचाइल्ड' मी लावलं. त्यात बराच वेळ वाद्यं अगदी हळू, चाचपडत वाजतात. ट्रान्समीटर बंद पडला असं वाटून तंत्रज्ञ जेवणाचा हात न धुता धावत आला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी माईकवर फक्त पहिलं नाव सांगायचो. रेडिओवर सगळेच तसं करतात, अशी स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण मला ठाऊक होतं. आडनाव ऐकलं की ऐकणाऱ्याच्या कानात गाणं बदलेल, अशी भीती. आवाजाला जात दिसत नाही, याचा फायदा मी घेत होतो.

आमची वस्ती त्या दहा किलोमीटरच्या जेमतेम काठावर. आई कामावरून आली की साध्या मोबाइलला इअरफोन लावायची, कारण ती वायरच एफएमची एरियल. खिडकीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात उभं राहिलं तरच आवाज यायचा. तिने सलग दोन गुरुवार उभ्याने ऐकलं. मग मला म्हणाली, "तू बोलतोस कमी आणि ते वाजवतात फार." आणि थोडं थांबून, "नाव का अर्धं सांगतोस रं? बापाचं काही चोरीचं हाय का?"

मी उत्तर दिलं नाही. पुढच्या गुरुवारी पूर्ण नाव सांगितलं. स्टेशनच्या मोबाइलवर एसएमएस आला: 'आता रॉकमध्येही कोटा का?' पाठवणाऱ्याने आपलं नाव लिहिलं नव्हतं, हेही नोंदवून ठेवतो.

पण सगळा दोष पलीकडे टाकून मोकळं होता येत नाही. आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला विहारात सगळ्यांसमोर विचारलं, "वस्तीत नळाला पाणी नाही आणि तू इंग्रजांची गाणी वाजवतोस?" त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक हे काही कष्टकऱ्यांचं संगीत नव्हे. जेनेसिस हा बँड तर चार्टरहाउस या इंग्लंडमधल्या महागड्या शाळेत जन्मला. रॉक आलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूजमधून. पण या शाखेने त्यापासून दूर जात युरोपच्या शास्त्रीय संगीताकडे तोंड केलं. हे मी कार्यक्रमातही सांगायचो, लपवायचो नाही.

मात्र गाणं कुठे जन्मलं यावरच ते कुणाचं हे ठरत नाही. पिंक फ्लॉइडचं शाळेवरचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' दक्षिण आफ्रिकेत विषम शिक्षणाविरुद्ध बहिष्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी उचललं आणि 1980मध्ये तिथल्या वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली. त्या पोरांनी लंडनच्या बँडची परवानगी मागितली नव्हती. आणि बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, तेव्हा 'हे वाद्य आपलं का?' असं त्यांना कुणी विचारलं असतं तर?

कुणी काय ऐकायचं हे ठरवणारे आपल्या देशातही होऊन गेले. 1940पासून तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला मनाई होती. म्हणजे आपल्या गायन पार्टीचं मुख्य वाद्यच दाराबाहेर. 1952मध्ये बा. वि. केसकर मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून हटली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी 1957मध्ये विविध भारती काढावी लागली. लोकांना उन्नत करण्याची फार हौस असलेल्या माणसांपासून मी तेव्हापासून सावध असतो, मग ते मंत्री असोत की आपले कार्यकर्ते.

एप्रिल आला तसे समन्वयक सर म्हणाले, "14 तारखेला अर्धा तास तुमची गाणी लाव." तुमची! मी म्हटलं, वर्षभर दर आठवड्याला वेळ द्या, मी करतो. वेळ शिल्लक नव्हती. मग मी माझ्याच गुरुवारी, रॉकच्या तासात, वस्तीतल्या गायन पार्टीची एक जुनी कॅसेट लावली. 27 मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग. गायक आलाप घेतो, शेर म्हणतो, मधेच थांबून महाडचा प्रसंग सांगतो, कोरस उचलतो, ढोलकी वेग वाढवते, मागे कुणीतरी शिट्टी मारतो. त्याच्या आधी येस, त्याच्या नंतर किंग क्रिमसन. कार्यक्रम एवढ्यासाठीच होता की ज्याला वेळ लागतो त्याला वेळ द्यायचा. तंत्रज्ञ म्हणाला, ही ब्रॉडकास्ट क्वालिटी नाही. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, भीमगीत असल्या धिंगाण्यात का लावलंस? दोघेही आपापल्या जागी अगदी ठाम होते. आईला मात्र त्या रात्री कोरसमधला मामाचा आवाज ओळखू आला.

2012मध्ये एम.ए. संपलं, ती वेळ करिअर मार्गदर्शनाला गेली.

सध्या आमच्या भागातल्या एका संस्थेसोबत मी कम्युनिटी रेडिओच्या परवान्याच्या मागे आहे. 2006पासून स्वयंसेवी संस्थांना तो मिळू शकतो. तेलंगणात माचनूरला 2008पासून दलित बाया संघम रेडिओ चालवतात. आपल्याकडे विहार आहेत, सभागृहं आहेत, जयंतीला डीजेसाठी लाखांची वर्गणी निघते. मग हा अर्ज आपल्याला इतका दूरचा का वाटतो? यावर भांडायचं असेल तर मी तयार आहे.

गेल्या रविवारी अभ्यासिकेत कच्चा अर्ज भरत बसलो होतो. प्रस्तावित कार्यक्रम या मुद्द्याखाली आरोग्य, शिक्षण, शासकीय योजना असं ओळीने लिहिलं होतं. नववीतली एक पोरगी डोकावून म्हणाली, "सर, मला भुताच्या गोष्टी सांगायच्यात. रात्रीच्या." माझ्या तोंडावर आलं होतं, 'अगं, तू सामाजिक विषय घे ना.'

चौथ्या क्रमांकावर भुताच्या गोष्टी लिहिल्या. वेळ विचारली, तर म्हणाली साडेनऊ, कारण त्याआधी तिला भांडी घासायची असतात.